मेपल का करपतोय

९ जून

मागच्या ओट्यावरच्या मेपलची अकरा पानं कडेने तपकिरी झाली आहेत. आज मोजली. काल किती होती ते माहीत नाही, कारण काल मोजली नव्हती. ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून ही वही.

चौतीस वर्षं मी राज्य सरकारसाठी लिफ्ट तपासल्या. लिफ्ट बंद पडली की लोक लिफ्टला शिव्या देतात. तपासनिसाने नोंदी बघायच्या असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं आणि थांबायचं. झाडाचंही तेच असणार.

झाड जपानी मेपल. उंची माझ्या छातीपर्यंत, पानं गडद लाल, कुंडी निळी. रोझलीचं आहे. रोझली माझी बायको. ती गेली त्याला चौदा महिने झाले. झाडाचं काय करायचं हे तिने सांगून ठेवलं नव्हतं. तिच्या वडिलांचं काय करायचं हेही नाही. दोन्ही माझ्याकडे आहेत.

संशय पहिला: पाणी कमी पडतंय. उद्यापासून रोज एक तांब्या जास्त.

१३ जून

एकोणीस पानं. पाण्याने फरक नाही.

मिस्टर हुडाक यांना डॉक्टरांकडे नेलं. मिस्टर हुडाक म्हणजे रोझलीचे वडील, वय सत्याऐंशी, मूळचे स्लोव्हाक, पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. आमची ओळख एकतीस वर्षांची आणि त्यातली सहा एका घरात, पण ‘मिस्टर’ सोडण्याचा प्रसंग आला नाही. ते मला लिफ्टवाला म्हणतात.

त्यांच्या रक्तातलं सोडियम १२८ आलं. मे महिन्यात १२९ होतं. १३५ च्या वर हवं. कमी झालं की माणसाचा तोल जातो, बोलणं भरकटतं. डॉक्टरबाई कोड्यात पडल्या आहेत, कारण मे महिन्यापासूनच त्यांना पाणी मोजून आणि दिवसातून दोनदा खारट सूप चालू आहे. सूप मी करतो. बाजारातली कोंबडीच्या अर्काची वडी, उकळतं पाणी, शिवाय डॉक्टरांनी सांगितलं तेवढं मीठ.

“नियमित पितात ना?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“कप रोज रिकामा येतो,” मी सांगितलं.

“रिकामा येतो,” मिस्टर हुडाकही म्हणाले.

दोनचे तीन कप करायला सांगितले आहेत. सकाळी अकरा, दुपारी चार, संध्याकाळी सात. मिस्टर हुडाक सूप मागच्या ओट्यावर बसून घेतात, मेपलच्या शेजारी. आत बसून घेतलं की भिंती अंगावर येतात म्हणाले. मी त्यांना मोकळं सोडतो. खाता-पिताना कोणी बघितलेलं मलाही आवडत नाही.

१५ जून

रविवार, म्हणजे लिओनार्डचा फोन. रोझलीचा भाऊ, टूसॉनला, दूरच्या शहरात असतो. तिथे त्याने एका वृद्धाश्रमात वडिलांसाठी खोली बघून ठेवली आहे. पोहण्याचा तलाव आहे म्हणे. मिस्टर हुडाक यांना पोहता येत नाही.

“वेन्डेल, खरं सांग. सोडियम किती आहे त्यांचं?”

“तीन आकडी,” मी म्हणालो.

हे खरं आहे.

“हे बघ, त्यांना सांभाळायची जबाबदारी तुझी नाही. रोझली असती तर गोष्ट वेगळी. उद्या पडले-बिडले तर मी सरळ येऊन घेऊन जाणार. तूही मोकळा होशील.”

मी विचार करतो म्हणालो. केलाही. मिस्टर हुडाक गेले तर कचऱ्याचा डबा आठवड्याला निम्माच भरेल आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धं राहील. ते आडवे शब्द भरतात, मी उभे. आणखी काही तोटा सुचला नाही. तरी झोप लागायला उशीर झाला.

१८ जून

सव्वीस पानं. संशय दुसरा: ऊन जास्त. कुंडी ढकलत ओट्याच्या उत्तरेला नेली. कंबर धरली. मिस्टर हुडाक यांनी खिडकीतून बघितलं, मग बाहेर येऊन आपली खुर्चीही तिथे नेली.

“तिथे वारा लागेल तुम्हाला,” मी म्हणालो.

“लागू दे. सावलीत सूप बरं उतरतं.”

२४ जून

एक्केचाळीस पानं. कडा तर गेल्याच, आता तपकिरी रंग आत शिरतोय. खालची पानं आधी, मग वरची. नोंदी:

मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर. माती ओली असताना वर तेलकट तवंग दिसतो. शेजारच्या गसचं मांजर तासन्‌तास कुंडीत बसून माती चाटतं. हाकललं की परत येतं. आज सकाळी बघितलं तर कोणीतरी माती उकरली होती. पंजे रकूनचे, रात्री कचऱ्याचे डबे उपसणाऱ्या त्या प्राण्याचे.

पांढरा थर म्हणजे बुरशी. संशय तिसरा. औषध आणून फवारलं. मांजर शिंकलं, पण गेलं नाही.

२८ जून

आमच्या वाचनालयात शनिवारी सकाळी झाडांचा दवाखाना भरतो. एक टेबल, दोन खुर्च्या आणि मिसेस ओपल ग्रँडिसन. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. मी सहा पानं वहीत दाबून आणि मूठभर माती पिशवीत घालून नेली होती. माझ्या पुढच्या बाईंनी पूर्ण फणसाएवढं भोपळ्याचं पान आणलं होतं, त्यात वेळ गेला.

मिसेस ग्रँडिसन यांनी पान उजेडात धरलं.

“कडेपासून आत. डाग नाहीत, ठिपके नाहीत. बुरशी नव्हे ही. हे झाड भाजलंय.”

“उन्हाने?”

“मिठाने. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठातलं काही उडतं का तिकडे?”

“कुंडी घराच्या मागे आहे.”

“खत किती घालता?”

मी वही पुढे केली. एप्रिलमध्ये एकदा, अर्धी मात्रा. त्यांनी सगळी पानं उलटून वाचली. इतक्या नीट कोणी माझ्या नोंदी वाचल्या नव्हत्या, नोकरीतसुद्धा.

मग त्यांनी पिशवीत नाक घातलं. बराच वेळ काढलं नाही.

“मिस्टर प्रुइट, या मातीला कोंबडीचा वास येतोय.”

“मांजर बसतं,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. “माझ्या घरी तीन मांजरं आहेत. एकाही मांजराला कोंबडीचा वास येत नाही.” माती प्रयोगशाळेत पाठवायला सांगितली. डबा त्यांनीच दिला.

७ जुलै

अठ्ठ्याऐंशी पानं. यापुढे करपलेली मोजण्यापेक्षा चांगली मोजणं सोपं.

मिस्टर हुडाक यांचं काही ठीक नाही. कोड्यातल्या आडव्या शब्दांत आज उभे शब्द भरले. दुपारी विचारलं, “रोझली आली का दुकानातून?”

“अजून नाही,” म्हणालो.

“उशीर करते ही. आणि आली की म्हणेल भूक नाही.”

मग चारच्या सुपाचा कप घेऊन बाहेर गेले. चालताना दाराची चौकट धरली. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी शुक्रवारी आणायला सांगितलं आणि सूप चुकवू नका म्हणाल्या. मी आणखी चिमूटभर मीठ वाढवलं.

१० जुलै

हे नीट क्रमाने लिहायला हवं.

सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेचा अहवाल आला. मातीत सोडियम इतकं, की त्यांच्या तक्त्यातला पट्टा पानाच्या कडेपर्यंत गेला होता. खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं: कुंडी समुद्रावर आहे का?

आमच्यापासून समुद्र पाच तासांवर आहे. याचा अर्थ कोणीतरी मीठ घालतंय. आणि आमच्या गल्लीत मीठ पोत्याने ठेवणारा माणूस एकच आहे. गस फेरांटे फरशीच्या फटींतलं गवत मिठाने मारतो. शिवाय गेल्या वर्षी आमचं कुंपणावरून वाजलं होतं.

मी अहवाल घेऊन त्याच्याकडे गेलो. तो टोमॅटोंना काठ्या बांधत होता.

“गस, मला फक्त एवढं सांग, किती घातलंस?”

“काय किती?”

मी अहवाल दाखवला. त्याने तो उलटा धरून वाचला, मग सुलटा.

“मी? तुझ्या झाडाला मीठ? डोकं फिरलंय का तुझं? अरे, तुझा सासरा रोज तीन-तीनदा त्या झाडाला सूप पाजतो!”

मी म्हणालो, “काय?”

“सूप! सूप! कप घेऊन येतो, बसतो, थोडं ओततो, काहीतरी बोलतो, परत ओततो. महिना-दीड महिना बघतोय मी. मला वाटलं, स्लोव्हाक लोकांत असेल तसं काही. गेलेल्या माणसासाठी. म्हणून तो दिसला की मी आपला आत जायचो. माणसाला त्याचं त्याचं करू द्यावं.”

“काय बोलतात ते?”

गसने टोपी काढली. का ते कळलं नाही. “एकदा ऐकलं मी. कुंपणाशी होतो, इलाज नव्हता. म्हणाले, ‘खा गं बाई. किती वाळलीस.’”

पानं वाळली होती हे खरंच आहे. पण झाड सूप खाणार नाही हे त्यांना कळायला हवं होतं.

मी घरी आलो. पावणेअकरा झाले होते. मिस्टर हुडाक ओट्याच्या पायऱ्यांखाली पडलेले होते. कपाळाला खोक, डोळे उघडे. मला म्हणाले, “क्रेन खाली घे, क्रेन.”

रुग्णवाहिका आठ मिनिटांत आली. तोवर माझी हाक ऐकून आलेला गस त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. हॉस्पिटलात सोडियम ११९ निघालं.

११ जुलै

सलाइन लावलंय, थेंब मोजून. भराभर वाढवलं तर मेंदूला धोका असतो म्हणाले. हाड मोडलेलं नाही. डॉक्टरबाईंना मी कुंडीबद्दल सांगितलं आणि दोन्ही अहवाल पुढे ठेवले. त्यांनी ते शेजारी शेजारी धरून वाचले.

“म्हणजे मी झाडाचा डोस वाढवत होते,” त्या म्हणाल्या.

मीही महिनाभर झाडाची वही आणि त्यांचे रक्ताचे कागद एकाच खणात ठेवत होतो. लिफ्टच्या बाबतीत असं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती.

लिओनार्डला फोन केला. तीन आकडी म्हणून चाललं नसतं. सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं. “सप्टेंबरमध्ये येतो. खोली पक्की करतोय,” एवढंच म्हणाला.

१४ जुलै

१३०. मिस्टर हुडाक उशीला टेकून बसले होते. आवाज जागेवर आला आहे.

“तुम्ही सूप झाडाला का ओतलंत?” मी विचारलं.

“तू कधी प्यायलायस का तुझं सूप?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“त्यात मीठ जास्त असतं, कारण मीठच औषध आहे.”

“हे मला आधी सांगायचंस ना!”

“मे महिन्यात सांगितलं होतं. डॉक्टरांसमोर.”

“मला वाटलं, तू बहाणा करतोयस. म्हटलं, बिचाऱ्याला करता येत नाही. बायको गेलेली, एकटा उभा राहून रोज रांधतो. तोंडावर कसं सांगायचं?”

“मग सिंकमध्ये ओतायचं होतं.”

ते खिडकीकडे बघत राहिले. बाहेर फक्त गाड्या उभ्या करायची जागा आहे. नर्स रक्तदाब घ्यायला आली, गेली. मला वाटलं झोपले.

“अन्न सिंकमध्ये टाकायचं नसतं, लिफ्टवाल्या,” ते म्हणाले. “शेवटी शेवटी ती काही घ्यायचीच नाही. आठवतं ना तुला? मी वाटी घेऊन बसायचो.”

आठवतं, म्हणालो. विषय झाडाचा चालला होता, तो मध्येच बदलला. अजून थोडे भरकटत असावेत.

१६ जुलै

मिसेस ग्रँडिसन स्वतः घरी आल्या. त्यांनी कुंडी बघितली, मग पाणी धो-धो सोडायला सांगितलं. तळातून वाहून जाईपर्यंत. थांबायचं, निथळू द्यायचं, परत. चार वेळा. वरची चार बोटं माती काढून टाकली. तळाशी साचलेलं पाणी त्यांनी बोटाने चाखलं. रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने असं करावं याचं नवल वाटलं.

“वाचेल का?”

“करपलेली पानं काही परत लाल व्हायची नाहीत. ती गळतील. तुम्ही घाबरून काही करू नका. खत नाही, औषध नाही, कुंडी हलवणं नाही. मिस्टर प्रुइट, तुम्हाला जमेल का काही न करणं?”

सवय नाही, असं मी सांगितलं.

२ ऑगस्ट

करपलेली पानं शून्य. चांगली पानंही शून्य. काल शेवटचं गळलं.

मिस्टर हुडाक घरी येऊन पंधरा दिवस झाले. सूप आता स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. एका कपाला चाळीस मिनिटं लागतात. पहिला घोट घेऊन ते डोळे मिटतात आणि स्लोव्हाकमध्ये काहीतरी म्हणतात. मी अर्थ विचारला. “तुझं कौतुक करतोय,” म्हणाले.

मिठाच्या गोळ्याही मिळतात, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. गोळ्या चालतील का, मी मिस्टर हुडाक यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, “राहू दे. तू वडी आणून ठेवलीयेस ना?”

वड्यांचं मोठं खोकं आणलं होतं हे खरं.

९ ऑगस्ट

आज मीही एक कप प्यायलो. मिस्टर हुडाक बघत होते. मला बारा मिनिटं लागली. शब्दकोडं पूर्ण सुटलं.

१५ ऑगस्ट

रविवारच्या वेळी नव्हे, आज शुक्रवारीच लिओनार्डने फोन करून विमानाचं तिकीट काढल्याचं सांगितलं. परतीची दोन काढली आहेत.

मेपलची एक फांदी नखाने खरवडली. खाली हिरवं आहे. मिस्टर हुडाक यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग माझ्या पाठीवर एक थाप मारली. क्रेनवाल्याचा हात आहे, अजून लागतो.

२६ ऑगस्ट

सात पानं. नखाएवढी. मिसेस ग्रँडिसन यांना फोन करून कळवलं. त्यांनी विचारलं, मोजताय अजून? मी हो म्हणालो. शनिवारी वाचनालयात दुसऱ्या खुर्चीला कोणी नसतं, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो की मागच्या वेळीही माझ्या ते लक्षात आलं होतं. त्यावर त्या थोडा वेळ हसल्या. कारण समजलं नाही. शनिवारी जाऊन विचारेन.

१२ सप्टेंबर

लिओनार्ड आला. अंगणातून आत येता येताच त्याने वडिलांची बॅग कुठे आहे विचारलं. मी जिन्याखाली आहे म्हणून सांगितलं. काढून दिली नाही.

सोडियम परवा १३४ आलं होतं. तो कागद मी टेबलावर ठेवला. लिओनार्डने वाचला.

“छान आहे. पण उद्या परत ओतायला लागले तर? आपण काय इथे चोवीस तास पहारा देणार? बाबा, तिथे नर्स असतात, हातात औषध देतात. वेन्डेल चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे काही त्याच्या हातचं काम नव्हे.”

मिस्टर हुडाक खुर्चीत सरळ बसले. घड्याळाकडे बघितलं. अकराला पाच कमी होते.

“माझं सूप?” त्यांनी मला विचारलं.

स्वतःहून त्यांनी आजवर कधी मागितलं नव्हतं. मी केलं. गडबडीत मीठ दोनदा पडलं की काय अशी शंका आली, पण लिओनार्ड समोर असताना परत कसं करणार? दिलं.

मिस्टर हुडाक यांनी कप दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. तळ दिसेपर्यंत. कपाळाची शीरसुद्धा हलली नाही. घड्याळात मी बघितलं, वीस सेकंदं. मग बाहीने ओठ पुसले, कप आडवा करून लिओनार्डला आतून दाखवला आणि म्हणाले, “रोझलीने शिकवलंय त्याला. अगदी तिच्या हातची चव आहे.”

रोझलीने मला सूप शिकवलं नव्हतं. वडीचं सूप तिने जन्मात केलं नाही, तिला वास सहन व्हायचा नाही. सोडियम १३४ असतानाही त्यांची स्मृती असा दगा देते, हे डॉक्टरबाईंच्या कानावर घालायला हवं. लिओनार्डसमोर मी काही बोललो नाही.

लिओनार्ड रिकाम्या कपात बघत राहिला. मग वडिलांकडे, मग माझ्याकडे. डोळे चोळले. प्रवासाचा शीण असणार.

“तुला कंटाळा येत नाही यांचा?” त्याने मला विचारलं.

“उभे शब्द मला एकट्याला सुटत नाहीत,” मी म्हणालो. हे नीट बोललं गेलं नाही. आडवे म्हणायचं होतं.

तो फोन घेऊन ओट्यावर गेला. काच बंद होती, तरी ऐकू आलं. खोली नको म्हणून सांगत होता. हो, कायमची. नाही, तसं काही नाही, वडील ठणठणीत आहेत.

तो आत येईपर्यंत मिस्टर हुडाक यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. आधारासाठी असावं. दरवाजा वाजला तसं सोडलं आणि पुटपुटले, “पाणी दे, लिफ्टवाल्या. लवकर.”

दुपारपर्यंतचं त्यांचं मोजून ठेवलेलं पाणी संपलं होतं. तरी दिलं. अर्धा पेला. नोंद केली आहे.